छत्रपतींचे विलायतेतील वकील

ठाणे शहरात जांभळी नाक्याची बाजारपेठ पहाटेपासून गजबजलेली असते. भाजीच्या पाट्या, फुलांच्या टोपल्या आणि गिऱ्हाइकांची वर्दळ यांतून वाट काढीत पुढे जावे, तो एक चौक लागतो. या चौकाला रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव दिलेले आहे. रोज हजारो माणसे तेथून जातात. चौकांना बहुधा सेनापतींची, कवींची किंवा देशभक्त पुढाऱ्यांची नावे असतात. रंगो बापूजींनी कोणतीही लढाई जिंकली नाही, ग्रंथ लिहून कीर्ती मिळविली नाही आणि कोणत्याही गादीवर ते बसले नाहीत. ते वकील होते; आणि ज्या कामासाठी त्यांनी आयुष्याची तेरा-चौदा वर्षे परमुलखात वेचली, त्या कामात त्यांना यश आले नाही. तरीही त्यांचे चरित्र जाणून घेण्याजोगे आहे.

वकील हा शब्द ऐकताच आज आपल्या डोळ्यांसमोर काळा डगला घालून न्यायालयात उभा राहणारा गृहस्थ येतो. मराठेशाहीत या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका राज्याच्या वतीने दुसऱ्या राज्याच्या दरबारात जो कायमचा राहतो, तो वकील. आज भारताचे राजदूत परदेशांच्या राजधान्यांत राहून जे काम करतात, तेच काम त्या काळी वकील करीत असत. पेशव्यांच्या वतीने हिंगणे घराण्यातील पुरुष दिल्लीच्या बादशाहीत राहिले. गोविंदराव काळे निजामाच्या हैदराबादेस राहिले. उलट बाजूने इंग्रजांचा वकील मॅलेट १७८६ पासून पुण्यास संगमावर येऊन राहिला होता.

वकिलाचे काम मोठ्या तह-करारांपुरते असते, अशी पुष्कळांची समजूत असते. तह वर्षा-दोन वर्षांनी एकदा होतो. काम मात्र रोजचे असते. दरबारात कोण आले, कोण गेले, कोणावर मेहेरबानी झाली, कोणाचे मन दुखावले, फौजेला पगार मिळाला की तटला, बाजारात धान्याचा भाव काय, हे सारे वकिलाने डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे आणि रात्री समईच्या उजेडात लिहून काढावयाचे. धन्याचे पत्र आले, की त्यातील कठोर शब्द सौम्य करून परक्या दरबारात सांगावयाचे. पण त्यातील अर्थ तिळभरही बदलू द्यावयाचा नाही. मान-अपमान गिळावयाचे. पैसे संपले, तर कर्ज काढावयाचे. अशा वकिलांनी लिहिलेली शेकडो पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि इतिहासकारांना त्यांच्याइतकी भरवशाची साधने क्वचितच मिळतात.

मराठ्यांचा वकील समुद्र ओलांडून थेट विलायतेस जाण्याचा प्रसंग मात्र विरळा. रंगो बापूजींच्या साठ वर्षे आधी, १७८१ साली, राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण गृहस्थाला एका पारशी सोबत्यासह लंडनला धाडले होते. याच राघोबादादांनी १७७५ साली पेशवाईच्या लोभाने सुरतेचा तह करून साष्टी, म्हणजे ठाण्याचा सारा मुलूख, इंग्रजांना देऊ केला होता. हणमंतरावांचे लंडनमध्ये फार हाल झाले. परक्याच्या हातचे खावयाचे नाही आणि थंडी तर हाडे गोठविणारी. अखेर एडमंड बर्क या थोर मनाच्या इंग्रज मुत्सद्द्याने त्यांना आपल्या गावी नेले आणि झाडांसाठी बांधलेले आपले काचघर त्यांना स्वयंपाकपाण्यासाठी मोकळे करून दिले. काचेच्या भिंतींच्या त्या घरात मराठी वकिलाची चूल पेटली, तेव्हा कोठे त्या बिचाऱ्याला पोटभर जेवण मिळाले.

रंगो बापूजींची कथा याहून फार मोठी आणि फार कष्टाची आहे. शिवछत्रपतींच्या स्वराज्याच्या आरंभी रोहिडखोऱ्यातील ज्या दादाजी नरसप्रभूंनी महाराजांना साथ दिली, त्यांच्याच वंशात रंगो बापूजींचा जन्म झाला. छत्रपतींच्या घराण्याविषयीची निष्ठा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली. महाराष्ट्रातील लोकांचे मन आपल्याकडे वळावे, म्हणून इंग्रजांनी साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांना एक लहानसे राज्य दिले. १८१९ च्या सप्टेंबरात तसा तह झाला. या तहात एक जाचक कलम होते. इंग्रजांच्या रेसिडेंटाच्या परवानगीवाचून महाराजांनी कोणत्याही बाहेरच्या सत्तेशी पत्रव्यवहार करावयाचा नाही, असे त्यात लिहिले होते. म्हणजे राज्य दिले. पण दुसऱ्याच्या दरबारात स्वतःचा वकील ठेवण्याचा हक्क काढून घेतला. या कलमाचे काटे पुढे रंगो बापूजींच्या पायांत रुतावयाचे होते.

प्रतापसिंह महाराज मोठे उद्योगी आणि प्रजेची काळजी वाहणारे राजे होते. त्यांनी साताऱ्यास शाळा काढली, रस्ते बांधले, शहराच्या पाण्याची व्यवस्था केली. स्वतःची रोजनिशी ते नेमाने लिहीत असत. त्यांच्या उत्तम कारभारावर खूश होऊन लंडनमधील कंपनीच्या डायरेक्टरांनी १८३५ साली त्यांच्यासाठी एक रत्नजडित तलवार बक्षीस म्हणून धाडली. ती तलवार मुंबईपर्यंत आली. पण महाराजांच्या हाती कधीच पडली नाही. मुंबई सरकारने ती दडवून ठेवली.

असे का झाले? अक्कलकोट, फलटण, जत, भोर, औंध येथील जहागिरदारांवर सत्ता कोणाची, यावरून महाराजांचा आणि मुंबई सरकारचा तंटा जुंपला होता. तहाचा आधार महाराजांच्या बाजूने होता. लंडनच्या डायरेक्टरांचे मतही त्यांच्याकडे झुकलेले होते. पण ते मत मुंबई सरकारने महाराजांना वेळीच कळविले नाही. महाराज आपला हक्क सोडीनात. तेवढ्यात १८३६ साली त्यांच्यावर एक भयंकर आरोप आला. इंग्रजांच्या पलटणीतील देशी शिपायांना त्यांनी फितविले, असे सांगण्यात आले. पुढे त्यात आणखी भर पडली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी त्यांनी गुप्त संधान बांधले, असेही आरोप झाले. पोर्तुगालला त्या काळी गोवा राखण्याइतके सैन्य धड नव्हते. ते साताऱ्याच्या छत्रपतींसाठी इंग्रजांशी लढणार, ही कल्पनाच विलक्षण होती. चौकशी बंद दाराआड झाली. महाराजांविरुद्ध कोणी काय साक्ष दिली, कोणते कागद पुढे आले, हे त्यांना पाहू दिले नाही. मग उलट उत्तर देण्याची गोष्टच सोडा.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. अपराध कबूल करून एका कागदावर सही करावी, म्हणजे गादी राहील, अशी अट त्यांनी घातली. ती मान्य करणे फार सोपे होते. एका सहीने राज्य, वैभव आणि आराम ही सारी वाचणार होती. परंतु न केलेला अपराध कबूल करावयास महाराजांनी स्वच्छ नकार दिला. सप्टेंबरच्या आरंभी रात्रीच्या वेळी इंग्रज फौजेने राजवाडा वेढला आणि महाराजांना पालखीत बसवून शहराबाहेर नेले. त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले. प्रतापसिंहांची रवानगी शेकडो कोस दूर काशीला झाली. त्या प्रवासात त्यांचे सेनापती बाळासाहेब भोसले वाटेतच मरण पावले.

मुंबई सरकारच्या अन्यायाविरुद्ध दाद मागावयाची, तर ती मुंबईत मिळणे शक्य नव्हते. ती मागावयाची ती सरकारच्या धन्याकडेच, म्हणजे लंडनला. म्हणून महाराजांनी आपले वकील विलायतेस रवाना केले. यशवंतराव शिर्के, भगवंतराव विठ्ठल, मीर अफझल अली आणि रंगो बापूजी ही मंडळी या कामावर होती. काही काळाने बाकीचे परतले. रंगो बापूजी मात्र राहिले, ते १८५३ पर्यंत.

त्या काळचा प्रवास कसा होता, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तोपर्यंत आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने शिडाच्या जहाजात काढावे लागत, नाही तर आगबोटीने सुवेझपर्यंत जाऊन, वाळवंट ओलांडून, नाईल नदीने अलेक्झांड्रियाला पोचावे लागे आणि तेथून पुन्हा दुसरी बोट धरावी लागे. मुंबईला तेव्हा आगगाडी नव्हती. साताऱ्याकडचा मनुष्य पुण्यावरून बोरघाट उतरून पनवेलला येई आणि खाडीतून होडीने मुंबई गाठी. समुद्रपर्यटन केले म्हणून जातीबाहेर होण्याची भीती होती, ती निराळीच.

लंडनमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिली अडचण भाषेची होती. रंगो बापूजींचे सारे आयुष्य मोडी लिपीत लिहिण्यात गेलेले. दुभाषाच्या मुखाने बोलणाऱ्या वकिलाचे अर्धे बळ दुभाषाच्याच हाती राहते, हे ओळखून या प्रौढ वयात त्यांनी इंग्रजी शिकून घेतली.

दुसरी अडचण याहून बिकट होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यांना वकील म्हणून मान्यता देण्यासच नकार दिला. महाराजांना जे काही सांगावयाचे असेल, ते त्यांनी मुंबई सरकारच्या मार्फत कळवावे, असा त्यांचा रोख होता. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हातून फिर्याद पाठवा, असा हा न्याय! ज्याला मान्यता नाही, ज्याच्यामागे फौज नाही, ज्याचा धनी स्वतः काशीस कैदेत आहे, अशा वकिलाने करावयाचे तरी काय? दुसरा एखादा निराश होऊन पहिल्या बोटीने परतला असता.

रंगो बापूजींनी आधी इंग्रजांचा कारभार समजून घेतला. हिंदुस्थानचे राज्य तेव्हा इंग्लंडच्या राणीकडे नव्हते. ते कंपनीकडे होते, आणि कंपनीचा कारभार चोवीस डायरेक्टर पाहत. पण कंपनी होती भागधारकांची. लेडनहॉल रस्त्यावरील इंडिया हाऊस या भव्य इमारतीत भागधारकांची सभा भरे, आणि तेथे भागधारकाला डायरेक्टरांना जाब विचारता येई. कंपनीवर सरकारची देखरेख ठेवण्यासाठी एक नियामक मंडळ होते. आणि सर्वांच्या वर पार्लमेंट होते. एक दार बंद झाले म्हणून काय झाले? डायरेक्टरांचे दार बंद होते, तर भागधारकांचे ठोठवावयाचे. ते उघडले नाही, तर नियामक मंडळाचे. तेही नाही, तर पार्लमेंटचे. रंगो बापूजींनी ही सारी दारे ठोठविली, आणि एकदाच नव्हे.

यासाठी करावे लागणारे काम मोठे कंटाळवाणे होते. हिंदुस्थानातून येणाऱ्या टपालाची वाट पाहणे हा त्याचा एक भाग. काशीहून महाराजांचे पत्र निघाले, की ते हाती पडावयास दोन-दोन महिने लागत. त्याचे उत्तर पोचावयास पुन्हा तितकेच. म्हणजे धन्याची आज्ञा विचारून वागण्याची सोयच नव्हती. आज राजदूत आपल्या सरकारशी क्षणात बोलू शकतो. रंगो बापूजींना पुष्कळदा धन्याच्या मनात काय असेल, हे ओळखून स्वतःच निर्णय घ्यावा लागे. मराठी कागदांची भाषांतरे करवून घ्यावी लागत. ती बिनचूक आहेत की नाहीत, हे तपासावे लागे, कारण एखाद्या शब्दाची चूक निघाली तर शत्रूपक्ष सारी कैफियतच खोटी ठरवावयास टपलेला. मग ती छापून घ्यावयाची, चोपड्या बांधून भागधारकांना आणि पार्लमेंटच्या सभासदांना पोचवावयाच्या, कोणी वाचली, कोणी टाकून दिली, याचा अंदाज घ्यावयाचा आणि पुन्हा नवी कैफियत लिहावयाची.

वकिलाचे खरे भांडवल म्हणजे मित्र. ते रंगो बापूजींनी मोठ्या चिकाटीने जमविले. सर चार्ल्स फोर्ब्स हे मुंबईत पूर्वी व्यापार केलेले वजनदार गृहस्थ त्यांच्या बाजूने उभे राहिले. पार्लमेंटातील जोसेफ ह्यूम यांनी साताऱ्याचा प्रश्न त्या सभागृहात काढला. नीग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी गाजलेला वक्ता जॉर्ज टॉम्सन हा तर या कामाचा मोठाच आधार झाला. इंडिया हाऊसच्या सभांत तो साताऱ्याच्या बाजूने तासन्‌तास बोले. गुलामांचा कैवार घेणाऱ्या माणसाला एका अन्यायाने पदच्युत केलेल्या राजाची बाजू आपलीशी वाटावी, यात नवल ते काय?

सर्वांत आश्चर्याची साक्ष मात्र जनरल लॉडविक यांची होती. महाबळेश्वरला गेलेल्या मुलांनी लॉडविक पॉइंट पाहिलाच असेल. ते हेच लॉडविक. महाराजांवर पहिला आरोप आला, तेव्हा ते साताऱ्याचे रेसिडेंट होते आणि पहिल्या चौकशी समितीतही बसले होते. निवृत्त होऊन विलायतेस आल्यावर त्यांनी भागधारकांच्या सभेत उभे राहून महाराजांची बाजू उचलून धरली. जो काल विरुद्ध पक्षात होता, त्याने आज आपल्या बाजूने बोलावे, याहून मोठा विजय वकिलाला कोणता मिळणार? लॉडविक यांच्या सरळपणाचेही कौतुक केले पाहिजे. आपल्याच सरकारविरुद्ध बोलणे कोणत्याही देशात सोपे नसते.

पुढे आणखी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. साताऱ्याकडील एका मनुष्याने सरकारकडे अर्ज केला. महाराजांविरुद्धचे कागद बनविण्याच्या कामी आपण साहाय्य केले. पण कबूल केलेले बक्षीस आपणास अद्याप मिळाले नाही, अशी त्याची तक्रार होती. या अर्जाचा कागद लंडनला पोचला आणि इंडिया हाऊसच्या सभेत मोठी खळबळ उडाली. टॉम्सन यांनी या प्रकरणाची उघड चौकशी करण्याची मागणी केली. रंगो बापूजींची मागणीही पहिल्यापासून एवढीच होती. महाराजांना गादी द्या, असे ते आधी म्हणतच नव्हते. त्यांना पुरावा दाखवा, त्यांचे म्हणणे ऐका आणि मग न्याय करा, इतकेच त्यांचे मागणे होते. इंग्लंडातील सामान्य चोरालाही हा हक्क होता. पण मते मोजली जात, तेव्हा बहुमत कंपनीच्या बाजूने पडे. भागधारकाला मत असे ते त्याच्या भागांच्या मोलावर, त्याला पटलेल्या न्यायावर नव्हे.

याच काळात पैशाची चणचण सुरू झाली. काशीहून पैसा वेळेवर येईना. लंडनसारख्या महागड्या शहरात घरभाडे, कोळसा, छपाई, वकिलांचे शुल्क आणि टपालखर्च यांनी वकिलाचे कंबरडे मोडले. त्यांच्यावर कर्ज झाले. तरी त्यांनी काम सोडले नाही.

१८४७ च्या १४ ऑक्टोबरला प्रतापसिंह महाराज काशीस निवर्तले. ज्यांच्यासाठी वकील आठ वर्षे परमुलखात झगडत होता, ते महाराज न्याय न मिळताच गेले. एखाद्याने म्हटले असते, की आता धनीच नाही, तर वकिली कसली? पण महाराजांनी मृत्यूपूर्वी एक मुलगा दत्तक घेतला होता. त्याचा हक्क आता मांडावयाचा होता.

पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या गादीवरील शहाजी महाराजही वारले. त्यांनीही शेवटच्या घटकेस दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकाचा वारसा नामंजूर केला आणि सातारचे राज्य खालसा केले. पुढे अनेक संस्थाने ज्या धोरणाने गिळली गेली, त्याचा पहिला घास सातारा ठरला. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी हा निर्णय चुकीचा असल्याचे लेखी मत दिले होते. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचाही शहाजींच्या दत्तकाला पाठिंबा होता. लंडनच्या डायरेक्टरांतही काहींनी विरोध नोंदविला. पण डलहौसींचेच चालले. राज्यच नाहीसे झाल्यावरही रंगो बापूजी आणखी चार-पाच वर्षे लंडनच्या रस्त्यांवरून हातात कैफियतीचे कागद घेऊन हिंडत राहिले. अशा चिकाटीला काय नाव द्यावे? काहींना ती वेडेपणासारखी वाटली असेल.

१८५३ साली कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती. कंपनीच्या कारभाराची झडती घेण्याची ही उत्तम संधी होती. या वर्षी हिंदुस्थानविषयी पार्लमेंटात पुष्कळ चर्चा झाली. साताऱ्याला मात्र न्याय मिळाला नाही. अखेर रंगो बापूजी स्वदेशी परतले. ते गेले तेव्हा प्रौढ वयाचे होते. आले तेव्हा केस पांढरे झाले होते. मागे राहिलेला देशही पालटला होता. त्याच वर्षीच्या १६ एप्रिलला मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी धावली होती. पुढच्या वर्षी ती ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली आणि १८५६ साली बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचली. तारायंत्राचे खांबही ठिकठिकाणी उभे राहत होते. टपालाची दोन-दोन महिने वाट पाहण्यात उमर गेलेल्या या वकिलाने आपल्या देशात ही नवी साधने पाहिली. पण ती होती इंग्रजांच्या हातची.

चौदा वर्षे अर्ज, विनंत्या आणि युक्तिवाद करूनही ज्याच्या पदरी काही पडले नाही, त्याने पुढे काय केले? १८५७ साली उत्तरेत स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला. साताऱ्याकडे रंगो बापूजींनी गुप्तपणे माणसे जमविण्यास आरंभ केला. भोर, मावळ, कोल्हापूर आणि बेळगाव या बाजूंस त्यांचे हस्तक हिंडत होते. साताऱ्यावर छापा घालावयाचा, तुरुंग फोडून कैद्यांना सोडवावयाचे, खजिना ताब्यात घ्यावयाचा आणि छत्रपतींच्या घराण्याची गादी पुन्हा स्थापावयाची, असा बेत होता. लेखणीने जे साधले नाही, ते तलवारीने साधण्याचा हा प्रयत्न होता. वकील म्हणून रंगो बापूजी जितके सावध होते, तितका हा बेत सावध राहिला नाही. जूनमध्येच तो फुटला. शिपायांना फितविल्याच्या आरोपावरून मानसिंग नावाच्या एकास आधीच फाशी झाली. ऑगस्टमध्ये राजघराण्यातील मंडळींना साताऱ्याहून हलविण्यात आले. प्रथम मुंबईच्या बंदरातील बुचर बेटावर आणि मग दूर कराचीस.

८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. पाचांना फाशी दिले, सहांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहांना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. गेंडामाळावर त्या वीरांचे स्मारक आजही आहे.

आणि रंगो बापूजी? इंग्रजांचे शिपाई त्यांच्या मागावर होते. ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या अशी हकीकत सांगितली जाते, की १८५७ च्या त्या पावसाळ्यात रंगो बापूजी ठाण्यास आले होते. शिपायांना सुगावा लागला. पण ते येण्याच्या आत म्हातारा वकील वेश पालटून निसटला. मुंबईच्या इतक्या जवळ, जेथे आगगाडी होती, तारायंत्र होते आणि ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांचा तुरुंग होता, तेथून तो नेमका कोणत्या वाटेने गेला, कोणत्या वेशाने गेला, याच्या अनेक गोष्टी आहेत.

सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. गावोगाव तपास झाला, नातलगांच्या घरांवर पहारे बसले. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही.